अकरावीचे विषय निवडताना

दहावीचा निकाल हाती पडला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : 'सायन्स, कॉमर्स की आर्ट्‌स?' शाखा ठरली की पालकांना हायसे वाटते. वास्तविक खरा निर्णय त्यानंतरचा असतो. विज्ञान शाखेत गणित ठेवायचे की जीवशास्त्र, की दोन्ही? दुसरी भाषा घ्यायची की माहिती तंत्रज्ञान? द्विलक्षी अभ्यासक्रम पत्करायचा का? महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर पाच मिनिटांत केलेल्या या खुणा दोन वर्षांनी पदवीच्या प्रवेशासाठी रांगेत उभे राहताना निर्णायक ठरतात. त्या वेळी गुण पुरेसे असूनही विषय नसल्यामुळे परत फिरावे लागणे, यासारखे दुःख नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरी हे गाव आहे. पपई, केळी, ऊस आणि कापूस पिकवणारा हा परिसर. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा असून २०११ च्या जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत तो राज्यात सर्वांत मागे होता. अशा गावातून दहावी झालेली, घरातील पहिलीच महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि पुण्या-मुंबईच्या शाळेतून आलेला मुलगा यांच्यापुढे विषयांची यादी मात्र एकच असते. शहरातील मुलाची चूक झाली तर ती निस्तरण्यासाठी शिकवणी, समुपदेशक आणि पर्यायी महाविद्यालये हाताशी असतात. ब्राह्मणपुरीच्या मुलीला ही मुभा नसते. म्हणूनच विषयांचे नियोजन कसे करावे हे तिच्या जागी उभे राहून पाहिले, तर ते सर्वांनाच उपयोगी पडेल.

प्रवेश अर्ज आता राज्यभर ऑनलाइन

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया पूर्वी मुंबई महानगर प्रदेश, पुणे, नाशिक, नागपूर व अमरावती एवढ्यापुरतीच होती. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ती संपूर्ण राज्यास लागू झाली. त्यामुळे शहाद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश हवा असणाऱ्यासही संकेतस्थळावर नोंदणी करून पसंतीक्रम भरावा लागतो. नियमित फेरीसाठी किमान एक व कमाल दहा पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक मानले जाते. तेव्हा पहिल्या क्रमांकावर केवळ नावासाठी दूरचे महाविद्यालय टाकणे धोक्याचे आहे.

या अर्जात महाविद्यालय आणि शाखा यांचा क्रम लागतो. प्रत्यक्ष विषयगट बहुधा महाविद्यालयात गेल्यावर ठरतो. म्हणून पसंती भरण्यापूर्वीच त्या महाविद्यालयात कोणते विषय शिकवले जातात, त्या विषयाची मान्यता आहे का, पूर्णवेळ शिक्षक आणि प्रयोगशाळा आहे का, याची चौकशी करावी. माहितीपत्रकातील विषयांची यादी लांबलचक असते. प्रत्यक्ष तुकडी कोणत्या विषयांची चालते हे तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक असते.

सहा विषयांचे गणित

राज्य मंडळाच्या बारावीस प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय असतात. इंग्रजी सर्वांना अनिवार्य आहे. त्याखेरीज पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे श्रेणीचे विषय आहेत. विज्ञान शाखेत इंग्रजी, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्याभोवती उरलेल्या तीन जागा भरायच्या असतात. सर्व निवड या तीन जागांची आहे.

त्यांचे चार प्रमुख प्रकार दिसतात :

- पीसीएम : गणित ठेवून जीवशास्त्र सोडणे. उरलेल्या जागी दुसरी भाषा आणि भूगोल किंवा माहिती तंत्रज्ञानासारखा विषय.
- पीसीबी : जीवशास्त्र ठेवून गणित सोडणे.
- पीसीएमबी : दोन्ही ठेवणे. मग इंग्रजीशिवाय एकच जागा उरते.
- द्विलक्षी : संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र यांसारखा २०० गुणांचा व्यवसाय विषय घेणे. तो दोन विषयांची जागा घेतो. त्यामुळे गणित व जीवशास्त्र यांपैकी सहसा एकच हाती राहते.

गुणांची विभागणीही ध्यानात ठेवावी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांत ७० गुणांची लेखी व ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. गणितात व भाषांत ८० आणि २० अशी विभागणी आहे. द्विलक्षी विषयात निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे असतात. म्हणूनच एकूण टक्केवारी वाढावी यासाठी अनेकजण द्विलक्षीकडे वळतात. त्यात गैर काही नाही. परंतु त्या बदल्यात कोणता विषय गेला आणि त्याबरोबर कोणता मार्ग गेला, याचा हिशेब आधी मांडायला हवा.

कोणता विषय कोठे लागतो

विषय निवडण्याचा सोपा मार्ग म्हणजे पदवीपासून मागे येणे. जी पदवी मनात आहे तिची पात्रता काय, हे पाहून बारावीचे विषय ठरवावेत.

*अभियांत्रिकी :* भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य, सोबत रसायनशास्त्र किंवा मान्यताप्राप्त यादीतील एखादा विषय. या विषयांत मिळून खुल्या गटास ४५ टक्के व मागासवर्गीयांस ४० टक्के गुण लागतात. गुणवत्ता यादी मात्र सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. शहाद्यातच अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने येथील विद्यार्थ्यास हा मार्ग घरापासून फार दूर नाही.

*वैद्यकीय :* भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. तिन्ही शास्त्रांत मिळून खुल्या गटास ५० टक्के, राखीव गटांस ४० टक्के आवश्यक. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी या सर्वांसाठी 'नीट' हीच परीक्षा आहे. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून जिल्ह्यातील मुलांच्या मनात हा पर्याय अधिक जवळचा झाला आहे.

*औषधनिर्माणशास्त्र :* भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र, आणि गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक. दोन्ही गटांना खुला असलेला हा मार्ग आहे.

*कृषी :* राज्यातील चार कृषी विद्यापीठांच्या पदव्यांसाठी विज्ञान शाखेतील पीसीएम व पीसीबी दोन्ही गटांचे विद्यार्थी सीईटीद्वारे पात्र ठरतात. नंदुरबार जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. शेतीची पार्श्वभूमी असलेल्या घरात हा पर्याय अनेकदा शेवटी आठवतो; तो यादीत वर असायला हवा.

*वास्तुशास्त्र :* भौतिकशास्त्र व गणित हवेच. चित्रकला उत्तम असूनही गणित सोडल्यामुळे अडलेले विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात भेटतात.

*राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी :* लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे असल्यामुळे कला शाखेच्या मुलानेही गणिताचा सराव सोडून चालत नाही.

*विधी, व्यवस्थापन, संगणक उपयोजन :* पाच वर्षांच्या विधी पदवीस कोणतीही शाखा चालते. प्रवेश सीईटीतून होतो. बीबीए, बीसीए, बीएमएस या पदव्यांसाठी राज्यात २०२४ पासून स्वतंत्र सीईटी घेतली जाऊ लागली. केवळ बारावीच्या टक्क्यांवर हा प्रवेश मिळेल, अशी समजूत अजूनही अनेक घरांत आहे.

दोन्ही विषय ठेवावेत काय?

'दोन्ही ग्रुप ठेव, नंतर बघू' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो सर्वांना लागू नाही. पीसीएमबी घेतल्यास अभियांत्रिकी व वैद्यकीय दोन्ही मार्ग उघडे राहतात, हे खरे. सीईटीचे पीसीएम व पीसीबी हे गट स्वतंत्र असल्याने विद्यार्थ्यास दोन्ही परीक्षा देता येतात आणि त्यांचे निकालही वेगवेगळे लागतात. परंतु त्याची किंमत वेळेत मोजावी लागते.

साधे गणित करून पाहू. ब्राह्मणपुरीहून शहाद्याला एस.टी.ने जाऊन-येऊन महाविद्यालय करणाऱ्या विद्यार्थ्यास रोज चार तासांचा स्वतःचा अभ्यास जमला, तर सहा दिवसांत २४ तास होतात. भाषांना त्यातील चार दिले तर २० तास उरतात. तीन शास्त्र विषय असतील तर प्रत्येकास सुमारे पावणेसात तास मिळतात. चार असतील तर पाच. आठवड्यामागे प्रत्येक विषयाचे पावणेदोन तास कमी होणे म्हणजे वर्षअखेरीस मोठाच फरक. हा फरक पेलण्याची ताकद असेल, दहावीत गणित व विज्ञान दोन्ही पक्के असतील आणि मनात खरोखर दोन्ही मार्ग असतील, तरच चारही विषय घ्यावेत. केवळ निर्णय पुढे ढकलण्यासाठी चौथा विषय घेऊ नये.

एका बाजूस कल असूनही मन डळमळत असेल, तर कोणता विषय सोडला असता मागे वळणे अधिक कठीण, हे पाहावे. वैद्यकीयच्या बाबतीत थोडी वाट मोकळी झाली आहे. बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण झालेल्यांनाही 'नीट' देता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. राज्य मंडळातही राहिलेला विषय नंतर स्वतंत्रपणे देण्याची सोय आहे. तथापि त्यासाठी वर्ष जाते, आणि गणिताची दोन वर्षांची खंडित सवय भरून काढणे सर्वांत अवघड असते, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे.

अकरावी हे विश्रांतीचे वर्ष नव्हे

दहावीच्या धकाधकीनंतर अकरावी सैल सोडण्याची पद्धत आहे. प्रवेश परीक्षांचा आराखडा पाहिला तर ती महागात पडते. राज्याच्या सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक प्रकरणांवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. भौतिकशास्त्राच्या ५० प्रश्नांपैकी १० अकरावीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. 'नीट'चे स्वरूप वेगळे : १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातील निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा आणि अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम. 'नीट' देणाऱ्याने अकरावी सोडली तर अर्धा अभ्यासक्रमच सोडला.

प्रवेश परीक्षांचे नियम बदलतात, हेही विसरू नये. राज्यात २०१४ व २०१५ मध्ये अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटीऐवजी जेईई मेनवर झाले आणि २०१६ मध्ये सीईटी पुन्हा आली. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशाकरिता 'नीट' लागू झाली. मधल्या वर्गांतील मुलांची तयारी त्यामुळे विस्कळीत झाली. ज्यांचे मूळ विषय पक्के होते ते तरले. म्हणून नियोजन परीक्षेभोवती नव्हे, विषयांभोवती असावे.

बारावीचे गुण दुय्यम नाहीत

सीईटीलाच महत्त्व असेल तर बारावीत काठावर पास झाले तरी चालेल, हा समज धोकादायक आहे. वर दिलेल्या पात्रतेच्या टक्क्यांखेरीज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींस ६५ टक्के, किंवा मंडळाच्या अव्वल २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.सारख्या पारंपरिक पदव्यांचे प्रवेश मुख्यतः बारावीच्या गुणांवर होतात. प्रवेश परीक्षेत अपयश आले तर विद्यार्थ्यास उभे राहायला हीच जमीन असते.

भाषेचा अडसर

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावी विज्ञानाचा पहिला धक्का विषयाचा नसून इंग्रजीचा असतो. घरी अहिराणी, गुजरी, भिली वा पावरी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीत शिकलेल्या मुलास 'त्वरण' कळते, 'ॲक्सलरेशन' परके वाटते. यावर उपाय म्हणजे पहिले दोन महिने रोज अर्धा तास केवळ पारिभाषिक शब्दांची दोन भाषांतील वही करणे. 'नीट' आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीत उपलब्ध असतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच. तेव्हा पीसीएम घेणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने गणिताची इंग्रजी परिभाषा आधी आत्मसात करावी.

दुसरी भाषा सोडून माहिती तंत्रज्ञान घेण्याची मुभा जेथे असते तेथे अनेकजण ती घेतात. संगणकाची गोडी असेल तर हा चांगला विषय आहे. त्याची ८० गुणांची परीक्षा संगणकावर होते. परंतु महाविद्यालयात पुरेसे संगणक नसतील, तर मराठीसारखी हातखंडा भाषा ठेवणे अधिक शहाणपणाचे. पुढे स्पर्धा परीक्षांत तिचा उपयोग होतोच.

वाणिज्य व कला : येथेही समतोल हवा

विषयांचे नियोजन फक्त विज्ञानवाल्यांनी करायचे, हा गैरसमज आहे. वाणिज्य शाखेत चिटणिसाची कार्यपद्धती की गणित, असा प्रश्न येतो तेव्हा बहुतेकजण सोपे म्हणून पहिला पर्याय घेतात. सनदी लेखापाल होण्यासाठीच्या फाउंडेशन परीक्षेच्या चार प्रश्नपत्रिकांपैकी एक गणित, तर्क व संख्याशास्त्राची आहे. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विमागणिताकडे जायचे असेल तरी गणित हवे. त्या दिशेने मन असेल तर ते सोडू नये.

कला शाखेतही सहा विषय एकाच सुरात असू नयेत. दोन भाषांसोबत इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांतील विषय घेतल्यास पुढे विधी, अध्यापन, समाजकार्य आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षा या सर्वांना आधार मिळतो. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी घेतली जाते. तिच्यात कमाल पाच विषय निवडता येतात आणि ती मराठीतूनही देता येते. नंदुरबारचा कला शाखेचा विद्यार्थी या परीक्षेच्या जोरावर दिल्ली वा हैदराबादच्या विद्यापीठात जाऊ शकतो, ही माहिती गावापर्यंत क्वचितच पोहोचते.

आणि ज्यांना हाताने काम करण्याची आवड आहे त्यांनी दहावीनंतरच तंत्रनिकेतनाचा विचार करावा. नंदुरबारला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तीन वर्षांच्या पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. अकरावी-बारावीचा मार्ग हा एकमेव मार्ग नव्हे.

दाखल्यांचे वेळापत्रकही सोबत

विषय बरोबर, गुण बरोबर, आणि प्रवेश अडला तो कागदासाठी, असे दरवर्षी घडते. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागांसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यांची पडताळणी करणारी समिती नंदुरबार येथे आहे. अकरावीत प्रवेश झाला की महाविद्यालयामार्फत हा अर्ज करून टाकावा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. अधिवास, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला यांचीही यादी अभ्यासाच्या वेळापत्रकाशेजारीच भिंतीवर लावावी.

अर्ज भरण्यापूर्वी

पसंतीक्रम निश्चित करण्यापूर्वी विद्यार्थी व पालकांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत :

१. मनात असलेल्या दोन पदव्या कोणत्या, आणि प्रत्येकीस कोणते विषय अनिवार्य आहेत?
२. निवडलेल्या विषयगटातून दोन्ही मार्ग उघडे राहतात का? नसल्यास कोणता बंद होतो?
३. त्या महाविद्यालयात हे विषय शिकवणारे शिक्षक आणि प्रयोगशाळा प्रत्यक्षात आहेत का?
४. प्रवासाचा वेळ वजा जाता रोज किती तास अभ्यास होईल?
५. पहिला मार्ग न साधल्यास याच विषयांवर दुसरे काय करता येईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लिहिता आले नाही, तर निवड पुन्हा तपासावी. अकरावीत घेतलेले विषयच साधारणपणे बारावीत पुढे चालवावे लागतात. विषयबदल करायचाच असेल तर तो अकरावीच्या सुरुवातीस, महाविद्यालयाच्या परवानगीने करावा. जितका उशीर तितकी अडचण अधिक.

शेजारच्या मुलाने काय घेतले, यावरून आपले विषय ठरवू नयेत. ब्राह्मणपुरीच्या घरात असो की पुण्यातील सदनिकेत, आपल्याला पेलतील आणि पुढे किमान दोन वाटा मोकळ्या ठेवतील असे सहा विषय निवडणे, हाच खरा समतोल.